आधीची यादी

१९८४ सालच्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पाठीमागे दोन सीरियल पोर्ट होते, एक प्रिंटरसाठी आणि एक मोडेमसाठी. कुठली वायर कुठे लावायची हे शेजारच्या चिमुकल्या चित्रांवरून कळायचं. १९९८ मध्ये आयमॅक आला, त्यातून हे पोर्ट गेले आणि यूएसबी आलं. आजच्या मॅकबुकच्या कडेवरून बोट फिरवलं तर दोन-तीन सारख्याच लंबगोल खाचा लागतात. सीरियल पोर्ट नावाची वस्तू डोळ्यांनी शोधायला गेलं तर मिळायची नाही. आणि तरीही एखाद्या डेव्हलपमेंट बोर्डवर आपला प्रोग्रॅम चढवायचा म्हटलं, की पहिला प्रश्न तोच येतो: पोर्ट कुठला?

प्रश्न साधा आहे, उत्तरही एका ओळीचं आहे. पण उत्तरापर्यंत जायची जी रीत आहे ती मला फार मोलाची वाटते. इलेक्ट्रॉनिक्सचं काम करताना माझ्या हाताला जी शिस्त लागली, ती बरीचशी या एका रीतीत आहे, आणि हल्लीच ती माझ्या भाचीला देण्याचा योग आला.

भाची डिप्लोमाला आहे. सांगोल्याजवळ तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या बाबांची, डाळिंबाची बाग आहे. डाळिंबाला पाणी कमी पडून चालत नाही आणि एकदम जास्त होऊनही चालत नाही. माती कोरडी पडून मग अचानक भरपूर पाणी मिळालं की फळ तडकतं. जमिनीतला ओलावा मोजणारं काहीतरी बनवायचं, असं तिने प्रोजेक्टसाठी ठरवलं. पुण्याच्या बुधवार पेठेतून एक ईएसपी३२ चा बोर्ड आणला, ओलाव्याचा एक सेन्सर आणला आणि आपला मॅक घेऊन ती माझ्याकडे आली.

ईएसपी३२ ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची २०१६ साली आलेली चिप. वायफाय आणि ब्लूटूथ आतच असलेली, काही शे रुपयांत मिळणारी. बोर्ड तळहातावर मावतो. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. बाहेरच्या जगाशी बोलायची त्याची सगळ्यात जुनी आणि खात्रीची वाट म्हणजे सीरियल: एक वायर पाठवायला, एक घ्यायला, आणि दोघांत सामायिक असलेली जमिनीची एक. त्यावरून एकामागून एक बिट जातात. कोण किती वेगाने बोलणार हे दोघांनी आधीच ठरवलेलं असतं.

मॅकवर ही वाट एका फाइलच्या रूपाने दिसते. मॅकओएसच्या पोटात युनिक्स आहे. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं, तेव्हा माणूस कॉम्प्युटरशी बोलायचा तो टेलिटाइपवरून: कळफलक, कागदाची गुंडाळी आणि त्यांच्यामागून निघालेली वायर. टेलिटाइपचं ‘मॉडेल ३३’ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं पाठवायचं. युनिक्सने अशी प्रत्येक जोडणी फाइलसारखी मानली. उघडा, वाचा, लिहा, मिटा. या फाइली ठेवायची जागा म्हणजे डेव्ह नावाचं फोल्डर. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली आणि हा वारसा मॅकच्या घरात आला. आज लाख-दीड लाखाच्या मॅकवर, इतक्या देखण्या खिडक्यांच्या मागे, टेलिटाइपच्या काळातलं ते फोल्डर जागेवर आहे आणि रोज कामाला येतं.

भाचीने टर्मिनल उघडलं. मी सांगितलं तसं ‘एलएस /डेव्ह/सीयू.*’ टाइप केलं. दोन नावं आली. एक ब्लूटूथचं, एक डीबग कन्सोलचं.

“मावशी, यातला माझा बोर्ड कुठला?”

“अजून जोडलाच नाहीस ना तू. आधी ही दोन नावं लिहून घे.”

“आत्ता? काहीच नसताना?”

“काहीच नसतानाच.”

तिने लिहून घेतली, पण तिच्या चेहऱ्यावर शंका होती. तिचं चुकत नव्हतं. आपण सगळेच आधी वस्तू जोडतो, मग यादी उघडतो आणि त्यातलं बरं वाटेल ते नाव निवडतो. प्रोग्रॅम चढवायच्या सॉफ्टवेअरमध्येही पोर्टची यादी खाली उघडते, एखादं नाव आपोआप निवडलेलं असतं, आणि माणूस ‘अपलोड’ दाबून मोकळा होतो. चाललं तर चाललं. नाही चाललं तर मात्र काय बिघडलं हे सांगणारं हाताशी काही उरत नाही, कारण सुरुवातीला काय होतं हे कुणी पाहिलेलंच नसतं. इस्त्रीवाल्याकडे कपडे देताना आई मोजून द्यायची ते याचसाठी. परत आलेले कपडे कितीही वेळा मोजले तरी एक कमी आहे की नाही हे ते कपडे सांगत नाहीत. ते देतानाचा आकडाच सांगतो.

मग तिने बोर्ड जोडला. बोर्डवरचा लाल दिवा लागला. तीच आज्ञा पुन्हा दिली. नावं दोनच.

“पण दिवा तर लागलाय!”

हा क्षण मला आवडतो, कारण इथे प्रत्येक पुराव्याला त्याच्या मापाचीच किंमत द्यायला शिकता येतं. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार वायरी असतात. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती नेतात. दिवा लागला याचा अर्थ लाल आणि काळी शाबूत आहेत, एवढाच. फोनच्या चार्जिंगसाठी बनवलेल्या काही स्वस्त केबलींत हिरवी-पांढरी नसतातच. बाहेरून बघून हे कळत नाही. दोन केबली शेजारी ठेवल्या तर जुळी भावंडं. आमच्या हातातली केबल अशीच कुठल्यातरी जुन्या चार्जरबरोबर घरात आलेली होती.

माहितीची वायर जागेवर असते तेव्हा काय होतं, हे भाचीला कागदावर काढून दाखवलं. बोर्डवर मुख्य चिपच्या शेजारी आणखी एक छोटी चिप असते, यूएसबी आणि सीरियल यांच्यामधली दुभाषी. बोर्डला वीज मिळाली की ही चिप हिरव्या वायरला दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टकडे खेचते. मॅक त्या वायरवर नजर ठेवून असतोच. व्होल्टेज वर गेलं की त्याला कळतं, कुणीतरी आलं. मग तो विचारपूस करतो: बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, कुठल्या जातीचं उपकरण, अनुक्रमांक आहे का. चिप आपले क्रमांक सांगते. त्या क्रमांकांना जुळणारा ड्रायव्हर मॅकला सापडला, तरच तो डेव्ह फोल्डरमध्ये नवी फाइल उभी करतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात उरकतं, आणि यातली कुठलीही एक पायरी निसटली तरी पडद्यावर दिसतं ते एकच: यादी बदलली नाही.

म्हणून दुसरी यादी पाहायची. मॅकच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये यूएसबीचा वेगळा विभाग आहे. तिथे चिपचं नाव दिसतं पण डेव्हमध्ये फाइल नाही, तर केबल चांगली आहे आणि ड्रायव्हर नाही. तिथेही काही दिसत नाही, तर बोलणं वायरवरच अडलं आहे. हल्लीच्या ॲपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर २०२२ च्या व्हेंचुरापासून आणखी एक पायरी आली आहे: नवं उपकरण जोडलं की मॅक आधी परवानगी विचारतो आणि ती दिल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या की ‘चालत नाही’ या एका ढोबळ तक्रारीचे दोन-तीन नेमके प्रश्न होतात, आणि नेमक्या प्रश्नाला उत्तर असतं.

आमच्याकडे दुसऱ्या यादीतही काही नव्हतं. केबल बदलली. टर्मिनलवर तिसरं नाव आलं: ‘सीयू.यूएसबीसीरियल-०००१’. भाचीने वहीतली दोन नावं पडद्याशी ताडून पाहिली, बोर्ड काढला, आज्ञा दिली, तिसरं नाव गेलं. पुन्हा जोडला, नाव आलं. आता हा आपलाच बोर्ड, हे तिला कुणी सांगायची गरज राहिली नव्हती.

या नावांतही बरंच काही वाचता येतं. सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ चिप असेल आणि कंपनीचाच जुना ड्रायव्हर टाकलेला असेल, तर नावात ‘एसएलएबी’ असं येतं. डब्ल्यूसीएचची सीएच३४० असेल तर त्यांच्या ड्रायव्हरने दिलेल्या नावात ‘डब्ल्यूसीएच’ दिसतं. आर्डुइनो युनोसारखे बोर्ड यूएसबीला स्वतःची ओळख मोडेमच्या जातीचं उपकरण अशी देतात, म्हणून त्यांचं नाव ‘यूएसबीमोडेम’ने सुरू होतं. शेवटचा आकडा कधी चिपचा अनुक्रमांक असतो, आणि चिपला अनुक्रमांकच नसेल तर ती मॅकच्या कुठल्या खाचेत बसली आहे त्यावरून ठरतो. म्हणजे तोच बोर्ड डावीकडून उजवीकडे लावला तर नाव बदलू शकतं, आणि दोन वेगळे बोर्ड ‘०००१’ हाच क्रमांक सांगू शकतात. नावावर म्हणूनच फार विसंबू नये. काल चाललेलं नाव आज पाठ म्हणणाऱ्याला पोर्ट सापडेलच असं नाही. बोर्ड काढून, लावून, फरक बघणाऱ्याला तो दर वेळी सापडतो.

एकाच बोर्डसाठी डेव्हमध्ये खरं तर दोन फाइली उभ्या राहतात. एकीचं नाव ‘सीयू’ने सुरू होतं, दुसरीचं ‘टीटीवाय’ने. शेपूट दोघींचं तेच, वायरही तीच. फरक वागण्यात आहे आणि तो मोडेमच्या दिवसांतला आहे. बाहेरून येणाऱ्या फोनसाठी ‘टीटीवाय’ची वाट होती. ती उघडणारा प्रोग्रॅम पलीकडून कॅरियरचा सिग्नल येईपर्यंत थांबून राहायचा. फोन आलाच नाही तर थांबणंही संपायचं नाही. आपण होऊन फोन लावायचा तर ‘सीयू’, ती कुणासाठी थांबत नाही. आपल्या बोर्डच्या पाठीमागे टेलिफोनची लाइन नाही, कॅरियर पाठवणारं कुणी नाही. ‘टीटीवाय’ची फाइल उघडली तर प्रोग्रॅम अशा सिग्नलची वाट बघत अडकू शकतो, जो पाठवायची सोयच पलीकडे नाही. म्हणून मॅकवर बोर्डशी बोलायला ‘सीयू’ घ्यायची. पुस्तकात हे एका वाक्यात लिहिलेलं असतं आणि मुलं ते नियम म्हणून पाठ करतात. कारण सांगितलं की पाठ करावं लागत नाही. बोलणं आपणच सुरू करायचं आहे, हे भाचीने ऐकलं आणि पुढे विचारलंच नाही.

पोर्ट सापडल्यावरही तो मोकळा असायला लागतो. एका खिडकीत सीरियल मॉनिटर उघडा राहिला असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅमला ‘रिसोर्स बिझी’ असं उत्तर मिळतं. मॉनिटर बंद करायचा की झालं.

मग खरं काम सुरू होतं, आणि ते मी दर वेळी मन लावून बघते. ईएसपी३२ ला नवा प्रोग्रॅम घ्यायला राजी करायचं तर रिसेट होताना तिची शून्य क्रमांकाची पिन खाली, म्हणजे जमिनीला, धरलेली असावी लागते. काही बोर्डांवर त्यासाठी ‘बूट’चं बटण बोटाने दाबून धरतात. बहुतेक बोर्डांवर मात्र हे काम डीटीआर आणि आरटीएस या दोन जुन्या वायरी करतात. आरएस-२३२ या जुन्या सीरियल मानकाच्या काळात डीटीआर मोडेमला सांगायची की कॉम्प्युटर तयार आहे, आणि आरटीएस पाठवायची परवानगी मागायची. आज मोडेम नाही. म्हणून कुणीतरी त्या रिकाम्या वायरींना दोन ट्रान्झिस्टर जोडले, आणि आता एक वायर रिसेट दाबते, दुसरी शून्याची पिन खाली ओढते. जुनं टाकून न देता त्याला नवं काम लावायचं, ही कारागिराची बुद्धी त्या दोन ट्रान्झिस्टरांत उघड दिसते.

चिप तयार झाली की मॅककडून हाक जाते. ईएसपीटूल हे त्यासाठीचं खुलं सॉफ्टवेअर, फ्रेडरिक आल्बर्ग यांनी सुरू केलेलं आणि आता एस्प्रेसिफ सांभाळते ते. ते चार ठरावीक बाइट पाठवतं आणि त्यांच्यामागे एकच बाइट बत्तीस वेळा: ०१०१०१०१. हा बाइट निवडण्यात डोकं आहे. सीरियलमध्ये प्रत्येक बाइटच्या आधी ‘०’ आणि शेवटी ‘१’ लावतात, आणि बाइट उजव्या टोकाकडून पाठवतात. त्यामुळे वायरवर दहाच्या दहा बिट खाली-वर, खाली-वर असे एकाआड एक येतात. चिप लागोपाठच्या दोन उड्यांमधलं अंतर मोजते आणि समोरचा कुठल्या वेगाने बोलतो आहे हे ओळखते. शब्द समजण्याआधी ती लय पकडते. पडद्यावर ‘कनेक्टिंग’ येतं, त्यापुढे टिंबं येतात, आणि मग एकदम चिपचं नाव आणि तिचा एमएसी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरची तिची ओळख. भाची खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती.

११५२०० बॉडचा वेग म्हणजे दहा बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला ११,५२० बाइट. बोर्डवरची चार मेगाबाइटची पूर्ण फ्लॅश मेमरी या वेगाने, आकसून न पाठवता, भरायची तर सहा मिनिटं लागतील. म्हणून ईएसपीटूल माहिती आकसून पाठवतं, वेगही वाढवता येतो. सगळं लिहून झालं की ते थांबत नाही. चिपला विचारतं, तुझ्याकडे जे पोचलं त्याचा हॅश, म्हणजे आकडेमोड करून काढलेला ठसा, सांग. आपल्याकडच्या फाइलचाही हॅश काढून दोन्ही ताडून बघतं, आणि जुळले तरच ‘हॅश ऑफ डेटा व्हेरिफाइड’ असं लिहितं. पाठवलेलं आणि पोचलेलं एकच आहे, हे तपासल्याशिवाय ते काम संपलं असं म्हणत नाही.

मला या सगळ्याबद्दल इतकी आस्था का, ते सांगते. आपल्या हातातली बहुतेक यंत्रं आता बंद आहेत. आयफोनवर स्वतः लिहिलेलं काही चालवायचं तर त्यावर कंपनीने मान्य केलेली सही लागते. खुद्द मॅकही अनोळखी प्रोग्रॅम उघडताना अडवतो. सुरक्षेसाठी त्यातलं बरंच गरजेचं आहे, हे मला मान्य आहे. ईएसपी३२ मध्येही कुलूप आहे. बनवणाऱ्याने सिक्युअर बूटचे फ्यूज एकदा जाळले की चिप सही नसलेला प्रोग्रॅम कधीच चालवत नाही. पण बुधवार पेठेतून आणलेला कोरा बोर्ड मोकळा असतो. डिप्लोमाच्या मुलीने लिहिलेल्या वीस ओळी तो तितक्याच निमूटपणे घेतो, जितक्या मोठ्या कारखान्यातल्या इंजिनिअरच्या घेतो. कुणाची परवानगी नाही, खातं उघडायला नको, इंटरनेटही नको. तीन वायरी, ठरलेला वेग आणि डेव्हमधली एक फाइल. यंत्र आपल्या म्हणण्याने चालू शकतं, हा अनुभव मुलांना कोवळ्या वयात मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. ज्याला तो मिळाला नाही, तो पुढे यंत्रांना फक्त वापरत राहतो. त्यांच्यापुढे प्रश्न मांडायचा असतो हे त्याच्या लक्षातच येत नाही.

आणि प्रश्न मांडायची रीतच तर आधीच्या यादीत आहे. काय आलं हे कळायला काय होतं हे माहीत हवं. हे इतकं उघड आहे की ते शिकवावं लागेल असं वाटत नाही, पण शिकवावं लागतं, कारण उत्साह नेहमी ‘नंतर’कडे धावतो. औषधाआधी ताप किती होता, नवं खत घालण्याआधी झाड कसं होतं, पंप बदलण्याआधी टाकी किती वेळात भरायची, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं आणि मग गुण आला की नाही यावर घरात वाद होतात.

पुढच्या सुट्टीत आम्ही बागेत गेलो. भाचीचा सेन्सर शून्य ते ४०९५ मधला एक आकडा देतो. बाबांनी तो पाहिला आणि सरळ विचारलं, “म्हणजे पाणी पुरेसं आहे की कमी?”

“एका आकड्यावरून नाही सांगता यायचं, आजोबा,” ती म्हणाली. “आधी कोरड्या मातीचा घेऊ, मग पूर्ण भिजलेल्या मातीचा. मग मधलं कळेल.”

बाबा मूठभर माती घेऊन दाबतात, गोळा होतो का, तो बोटाने टोचला की फुटतो का, हे बघतात, आणि ठिबक किती वेळ चालवायचं ते ठरवतात. त्यांचा हात चुकल्याचं मला आठवत नाही. भाचीने वहीत रकाने आखले: ठिबक सुरू करायच्या आधीचा आकडा, बंद केल्यावरचा, दुसऱ्या दिवशी सकाळचा, आणि शेजारी आजोबांच्या मुठीचा निकाल. सेन्सर आणि मूठ यांचं सगळ्या हंगामभर जुळेपर्यंत ठिबकची चावी आजोबांच्याच हातात राहील, असं तिने स्वतःच जाहीर केलं. बाबांनी मान डोलावली. मलाही ते पटलं. मोजमापाने आपला अधिकार असाच कमवायला हवा.